पाणबुडीचे माहेर



डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील गाव. येथून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर. येथल्या शाळेतील कितीतरी मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, मग पाणबुडी तर लांबच राहिली. पण पाणबुडीचे कोडे उलगडायला समुद्रावर जायलाच हवे असे नाही. ट्रॅक्टरची बॅटरी, विहिरीचे पाणी, सायकलचा पंप आणि माहेरी आलेली लेक, एवढ्या चार गोष्टी ठाऊक असल्या की पुरे.

पहिल्या तीन गोष्टी विज्ञानाच्या पुस्तकात शोभतील. चौथी येथे कशी आली, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पाणबुडीची शिदोरी

पाण्याखाली गेलेली पाणबुडी कोणाकडे काही मागू शकत नाही. जे लागेल ते तिने निघतानाच बरोबर घेतलेले असते. ही शिदोरी किती दिवस पुरते, यावर तिचा प्रवास अवलंबून असतो. शिदोरीत काय काय असते ते पाहू.

पहिली वस्तू वीज. डिझेल इंजिनाला जळण्यासाठी हवा लागते. पाण्याखाली ती मिळत नाही. म्हणून जुन्या काळापासून पाणबुडीत बॅटरी ठेवतात आणि पाण्याखाली असताना तिच्या विजेवर मोटर चालवून पंखा फिरवतात. तुमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा घट असतात. पाणबुडीच्या बॅटरीत तसेच, पण फार मोठे, शेकडो घट असतात.

ही वीज किती पुरेल? येथे एक गणित करा. पाण्यातून जाताना वेग दुप्पट केला तर ढोबळ मानाने आठपट शक्ती लागते. समजा, ताशी ३ सागरी मैल वेगाने गेल्यास बॅटरी २४ तास पुरते, म्हणजे पाणबुडी ७२ मैल जाईल. आता वेग ताशी ६ मैल केला, तर बॅटरी ३ तासांतच संपेल आणि अंतर होईल फक्त १८ मैल! घाई केली की वाट वाढत नाही, उलट खुंटते. मग पाणबुडीला वर येऊन इंजिन चालवावे लागते व बॅटरी पुन्हा भरावी लागते. वर आली की ती शत्रूच्या नजरेस पडण्याची भीती असते.

बॅटरी भरताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. घटांतून हायड्रोजन वायू सुटतो. हवेत तो शेकडा ४ हून अधिक झाला की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. घटांत घालायचे पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून थंड केलेले, असावे लागते. भोवताली अथांग पाणी असले तरी ते उपयोगाचे नाही. समुद्राचे खारे पाणी बॅटरीत शिरले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो.

दुसरी वस्तू दाबलेली हवा. बुडी मारताना पाणबुडी आपल्या टाक्यांत पाणी घेते व जड होते. वर येताना तेच पाणी हवेच्या जोराने बाहेर ढकलावे लागते. विहिरीत दर १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट, खाली गेल्यावर पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. समुद्रातही असेच. ५० मीटर खोलीवर पाण्याचे पाच आणि वरच्या हवेचा एक असे एकूण सहा वातावरण दाब असतात. तेथे एक घनमीटर पाणी हटवायचे तर बाहेरची सहा घनमीटर हवा दाबून भरलेली हवी. सायकलच्या चाकात हवा भरताना शेवटचे चार-सहा दट्टे किती जड जातात ते आठवा. पाणबुडीतील हवेच्या नळकांड्यांत यापेक्षा कितीतरी अधिक दाबाने हवा भरावी लागते. त्यासाठी मोठी यंत्रे लागतात.

तिसरी वस्तू टॉर्पेडो. एकेकाचे वजन दीड टनाच्या आसपास. ते संपले की पाणबुडीचे हात रिकामे होतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणसे. अरुंद जागा, ओलसर कपडे, अंघोळीला पाणी नाही, तेलाचा वास आणि तीच ती हवा. सुरुवातीच्या ब्रिटिश पाणबुड्यांत पेट्रोलची इंजिने होती. त्यांचा विषारी वायू वेळीच समजावा म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवीत. अशा जागी माणूस किती दिवस राहणार?

आता चौथी गोष्ट तुमच्या ध्यानी आली असेल. सासरी राबून थकलेली लेक माहेरी येते. चार दिवस पोटभर झोपते, गोडधोड खाते, फाटके-तुटके नीट करून घेते आणि भरल्या पिशवीने परत जाते. पाणबुडीलाही असे माहेर लागते. ते बंदरात असले तर ठीक, पण बंदर दूर असेल तर? मग माहेरालाच समुद्रावर तरंगत यावे लागते. अशा जहाजाला मातृनौका म्हणतात.

पहिली मातृनौका

जॉन फिलिप हॉलंड हा आयर्लंडमध्ये जन्मलेला शाळामास्तर पुढे अमेरिकेत गेला आणि त्याने पाणबुडीचा चांगला आराखडा तयार केला. त्याच आराखड्यावरून ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी 'हॉलंड-१' ही १९०१ साली पाण्यात उतरली. लांबी जेमतेम २० मीटर, माणसे आठ. त्यांना आत पाय पसरून झोपण्यासही जागा नव्हती.

या चिमुकल्या पाणबुड्यांना सांभाळण्यासाठी नौदलाने १८९४ साली बांधलेली 'हॅझर्ड' नावाची एक छोटी युद्धनौका निवडली. ती लढाईच्या दृष्टीने जुनी झाली होती. पाणबुडीच्या खलाशांनी तेथे राहावे, जेवावे, यंत्रांची डागडुजी तेथे व्हावी, अशी योजना होती. जगातील पहिली पाणबुडी-मातृनौका म्हणून तिचे नाव घेतात.

'हॅझर्ड' या शब्दाचा अर्थ 'धोका'. दुर्दैवाने तो खरा ठरला. २ फेब्रुवारी १९१२ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटाजवळ सराव चालू होता. 'ए-३' ही पाणबुडी पाण्यातून वर येत असताना 'हॅझर्ड'चीच तिला धडक बसली. पाणबुडी बुडाली व आतील सर्व १४ जण मृत्युमुखी पडले. आईनेच लेकरावर पाऊल द्यावे, तसे झाले. पाण्याखालून वर पाहणारी पाणबुडी किती आंधळी असते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. पुढे जानेवारी १९१८ मध्ये इंग्लिश खाडीत दुसऱ्या एका जहाजाशी टक्कर होऊन 'हॅझर्ड'ही बुडाली.

शत्रूच्या घरून आलेली आई

पाणबुड्या मोठ्या झाल्या, त्यांची संख्या वाढली, तशी मातृनौकाही मोठी हवी झाली. व्यापारी जहाजाच्या पोटात मालासाठी प्रशस्त कोठारे असतात. तेथे कारखाना, दारूगोळा आणि राहण्याच्या खोल्या सहज बसतात. म्हणून अशी जहाजे या कामी घेण्यात आली.

'ल्युशिया'ची कथा अशीच आहे. १९०७ साली एका जर्मन कंपनीसाठी 'स्प्रीवाल्ड' नावाचे व्यापारी जहाज बांधले गेले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर सप्टेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'बेरिक'ने ते अटलांटिक महासागरात पकडले. १९१६ साली त्याचे रूप पालटून 'ल्युशिया' ही ब्रिटिश मातृनौका झाली. शत्रूचे जहाज आता शत्रूविरुद्ध लढणाऱ्या पाणबुड्यांना जेवू घालू लागले!

दुसऱ्या महायुद्धात ही वयस्क आई आपल्या शेजारी आली होती. ५ एप्रिल १९४२ या दिवशी जपानी विमानांनी कोलंबो बंदरावर हल्ला केला. तेव्हा 'ल्युशिया' तेथेच होती. तिच्यावर बाँब पडला, नुकसान झाले, पण ती तरली. त्याच हल्ल्यात 'हेक्टर' आणि 'टेनेडॉस' ही जहाजे मात्र बुडाली.

आई गेली तेव्हा

जुन्या जहाजांना नवे रूप देण्याऐवजी मुद्दाम मातृनौका म्हणूनच बांधलेले ब्रिटिश नौदलाचे पहिले जहाज म्हणजे 'मेडवे'. ते १९२८ साली पाण्यात उतरले. दुसऱ्या महायुद्धात ते भूमध्य समुद्रात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरात होते. १९४२ च्या जून महिन्यात जर्मन सैन्य इजिप्तमध्ये घुसले, तेव्हा 'मेडवे'ला पूर्वेकडे हलवण्याचे ठरले. सोबत लढाऊ नौकांचा पहारा होता.

३० जून १९४२ रोजी सकाळी 'यू-३७२' या जर्मन पाणबुडीने त्या पहाऱ्यातूनच टॉर्पेडो मारून 'मेडवे'ला बुडवले. पाणबुड्यांची आई पाणबुडीच्याच हातून गेली. जहाजावर अकराशेहून अधिक माणसे होती. त्यांपैकी ३० दगावली, बाकीची वाचली. जहाजावर ९० टॉर्पेडो होते. त्यांतील ४७ पाण्यावर तरंगले आणि ते गोळा करण्यात आले.

मित्रहो, येथे थोडे थांबा आणि विचार करा. त्या दिवशी 'मेडवे'च्या पाणबुड्यांपैकी एकही बुडाली नव्हती. त्यांची इंजिने शाबूत होती. तरी त्यांचे बळ एका सकाळीत घटले. कारण सुटे भाग, कुशल कारागीर, टॉर्पेडो आणि विश्रांतीची जागा, हे सारे त्यांच्या पाठीमागे होते आणि तेच गेले. पाणबुडी किती लांब जाईल व किती दिवस लढेल, हे तिच्या एकटीवर ठरत नाही. तिला सावरणाऱ्यावर ते ठरते.

आपली 'अंबा'

स्वतंत्र भारताने पाणबुड्या घेतल्या तेव्हा हा धडा नौदलाच्या ध्यानात होता. पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रिगा येथे नौदलात दाखल झाली. म्हणून ८ डिसेंबर हा आपल्याकडे पाणबुडी दिन मानतात. तिच्या पाठोपाठ 'खांदेरी', 'करंज' व 'कुरसुरा' आल्या. खांदेरी हे नाव तुम्ही इतिहासात वाचले आहे. शिवाजी महाराजांनी अलिबागजवळच्या समुद्रात १६७९ साली ज्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेच हे खांदेरी. करंज हे नाव उरणजवळच्या करंजा बेटावरून आले.

आणि १९६८ सालीच 'अंबा' ही मातृनौकाही सोव्हिएत संघाकडून आली. अंबा या शब्दाचा अर्थच आई! 'कलवरी'ची लांबी सुमारे ९१ मीटर, तर 'अंबा'ची सुमारे १४१ मीटर. लेकींपेक्षा आई दीडपट लांब. २००६ सालापर्यंत, म्हणजे सुमारे ३८ वर्षे, तिने सेवा केली. 'कुरसुरा' आज विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. सहलीला गेलात तर तिच्या पोटात शिरून पाहा. तेथील बिछाने पाहिले की मातृनौका का हवी, ते एका क्षणात पटेल.

पुढे चित्र बदलले. किनाऱ्यावरील तळ सुसज्ज झाले. विशाखापट्टणमला 'वीरबाहू' आणि मुंबईला 'वज्रबाहू' हे पाणबुड्यांचे तळ आहेत. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी 'शाल्की' १९९२ साली मुंबईच्या माझगाव गोदीतून आली आणि नवी 'कलवरी' त्याच गोदीतून २०१७ साली. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटरीची चिंता नसते. हवा व गोडे पाणी ती समुद्रातूनच मिळवते. पण पिठाचे पोते संपते आणि माणूस थकतो. त्यावर अणुशक्तीचाही इलाज नाही.

मातृनौका हा शब्दही लोपला नाही. संकटात सापडलेल्या पाणबुडीतील माणसांना सोडवण्यासाठी भारतीय नौदलाकडे ६५० मीटर खोलवर जाऊ शकणारी लहान बचाव-पाणबुडी २०१८ साली मुंबईत दाखल झाली. तिला वाहून नेणारे 'निस्तार' हे विशाखापट्टणमला बांधलेले जहाज जुलै २०२५ मध्ये नौदलात आले. तिची मातृनौका म्हणूनच ते काम करते.

वर्तमानपत्रात पाणबुडीचे छायाचित्र येते तेव्हा तिच्यामागची आई त्यात दिसत नाही. आता तुम्ही तिची आठवण ठेवाल ना?

विचार करा आणि सोडवा

१. समुद्रात ८० मीटर खोलीवर एकूण दाब किती वातावरण असेल? तेथे दोन घनमीटर पाणी हटवायला बाहेरची किती घनमीटर हवा दाबून भरावी लागेल?

२. वरील उदाहरणातील पाणबुडी ताशी १२ सागरी मैल वेगाने गेली, तर बॅटरी किती मिनिटे पुरेल? अंतर किती होईल?

३. ट्रॅक्टरच्या बॅटरीत विहिरीचे पाणी का घालत नाहीत? गावातील मेकॅनिककाकांना विचारा आणि त्यांचे उत्तर वर्गात सांगा.

४. शिक्षकांच्या मदतीने चर्चा करा: तुमच्या गावात असे कोणते काम आहे की जे करणारा सर्वांना दिसतो, पण त्याला सावरणारा दिसत नाही?