स्वमग्न बालक आणि मातेवरील आळ

पहिलीच्या वर्गात क्वचित असे एखादे मूल दाखल होते, की जे नाव घेऊन हाक मारली तरी मान वळवीत नाही, परंतु दूरवर भोंगा वाजला तर कानांवर हात ठेवून किंचाळते. खडूचे तुकडे एका ओळीत लावण्यात त्याचा तास निघून जातो, आणि ती ओळ कोणी मोडली तर ते धाय मोकलून रडते. तहान लागली म्हणजे ‘मला पाणी हवे’ असे न म्हणता ‘तुला पाणी हवे का?’ हे आईचेच वाक्य ते जसेच्या तसे उच्चारते. अशा मुलाविषयी गावात व शाळेतही चटकन निर्णय दिला जातो: आईने लाडावून ठेवले, किंवा आईने लक्षच दिले नाही. हे दोन आरोप परस्परविरोधी आहेत. तरीही ते एकाच स्त्रीवर केले जातात.

हा आळ केवळ अडाणीपणातून उपजला, असे मात्र कोणी समजू नये. एके काळी तो शास्त्राच्या नावाने घातला गेला होता.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. ज्या अवस्थेस मराठीत स्वमग्नता म्हणतात, तिचे ते वर्णन आजही वाचनीय आहे. ही उणीव जन्मजात असावी, असे कॅनर ह्यांनी त्याच लेखात म्हटले होते. परंतु ह्या मुलांचे आईबाप सुशिक्षित व काहीसे अलिप्त वृत्तीचे आहेत, हेही त्यांनी नोंदविले. आणि १९४९ साली तर ही मुले जणू शीतकपाटात ठेवल्यासारखी वाढली, अशी उपमा दिली. उपमा लोकांच्या तोंडी बसली. नामांकित डॉक्टरांपर्यंत त्या काळी मुख्यतः सुशिक्षित घरचेच लोक पोहोचत, हे कोणी लक्षात घेतले नाही. कुशीत घेतले की अंग ताठ करणाऱ्या मुलाची आई हळूहळू हात आवरता घेते. येथे परिणामालाच कारण समजण्यात आले. शिकागो येथील ब्रूनो बेटलहाइम ह्यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात तर आईबापांपासून दूर ठेवणे हाच उपचार मानला.

ह्या मताला पहिला मोठा धक्का दिला तो एका पित्याने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते व त्यांचा मुलगा स्वमग्न होता. ह्या अवस्थेचे मूळ मेंदूत आहे, संगोपनात नव्हे, असे त्यांनी १९६४ साली ग्रंथरूपाने मांडले. त्या ग्रंथाची प्रस्तावना कॅनर ह्यांनीच लिहिली आणि १९६९ साली पालकांच्या एका सभेत त्यांनी सर्व आईबापांना निर्दोष ठरविले.

तथापि शास्त्रात केवळ मत पुरत नाही, पडताळा लागतो. तो लंडनच्या सुझन फोलस्टीन व मायकेल रटर ह्यांनी जुळ्या मुलांच्या अभ्यासातून १९७७ साली दिला. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच बीजाची दोन झालेली मुले हुबेहूब असतात. दोन निरनिराळ्या बीजांची मुले सामान्य भावंडांइतकीच सारखी असतात. घर, आई व संगोपन मात्र दोन्ही प्रकारांत एकच. दोष आईचा असता, तर दोन्ही प्रकारांत जुळ्या भावंडांवर सारखाच परिणाम दिसला असता. त्यांनी २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. दुसऱ्या प्रकारच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. संख्या लहान खरी. पण पुढील मोठ्या अभ्यासांनी हाच निष्कर्ष दृढ केला. उरलेल्या ७ जोड्यांत एकच मूल स्वमग्न होते, म्हणजे आनुवंशिकता हे सर्वस्व नव्हे. अनेक जनुकांचा ह्यात वाटा आहे, हे आज ज्ञात आहे.

एक आळ गेला, तो दुसरा आला. गोवराच्या त्रिगुणी लसीने स्वमग्नता येते, असे सुचविणारा १२ मुलांवरील निबंध १९९८ साली इंग्लंडमध्ये छापला गेला; तो २०१० साली मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये ५ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा संबंध दिसला नाही. गावात लसीकरणाविषयी शंका निघाल्यास शिक्षकाने हे स्पष्ट सांगावे.

साहाय्याचे काम पुष्कळ ठिकाणी पालकांनीच आरंभिले. इंग्लंडमध्ये १९६२ साली त्यांनी संस्था स्थापिली आणि १९६५ साली ईलिंग येथे शाळा उघडली. ती शाळा माँटेसरी पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या सिबिल एल्गार ह्यांनी चालविली. दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्थाही एका स्वमग्न मुलाच्या आईने, मेरी बरुआ ह्यांनी, १९९१ साली सुरू केली. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा अंतर्भाव आहे, आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र हाती नाही म्हणून प्रवेश अडवू नये.

वर्गात खर्चाचे साधन फारसे लागत नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखविणारी पट्टी भिंतीवर लावावी: प्रार्थना, वाचन, जेवण, खेळ, घर. क्रमात बदल होणार असेल, तर चित्र आधी बदलावे. घंटा वाजण्यापूर्वी मुलास खूण करावी. सूचना थोड्या शब्दांत द्यावी व उत्तरासाठी थांबावे. हे थांबणेच शिक्षकास सर्वांत कठीण जाते. ‘माझ्याकडे बघ’ असा आग्रह धरू नये. न बघताही मूल ऐकत असू शकते.

आईशी पहिली भेट तक्रारीने सुरू करू नये. मूल कोणत्या आवाजाने घाबरते, काय खाते, कशाने शांत होते आणि कोणत्या शब्दाने काय मागते, हे तिला विचारावे. तिची उत्तरे वर्गशिक्षकाने एका वहीत उतरून घ्यावीत, आणि वर्ग बदलला म्हणजे ती वही मुलाबरोबर पुढच्या शिक्षकाकडे द्यावी.