हिरड्यांतले रक्त आणि पाण्याची धार

सकाळी दात घासून तुम्ही चूळ टाकता आणि बेसिनमधला फेस किंचित गुलाबी दिसतो. असे कधी झाले आहे का? वर्गात हा प्रश्न विचारला की आधी कोणीच हात वर करीत नाही. मग एक हात वर होतो आणि त्याच्या पाठोपाठ आठ-दहा. "मग तुम्ही काय केलेत?" असे पुढे विचारावे, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "त्या बाजूला ब्रश लावायचे सोडून दिले!"

हे उत्तर स्वाभाविक आहे. गुडघा खरचटला तर आपण तिथे चोळत नाही. मग हिरडीतून रक्त येत असताना तिथे ब्रश का फिरवावा? पण हिरडीच्या बाबतीत हा शहाणपणा उलटा पडतो. का, ते समजायला हिरडी आणि दात एकमेकांना कुठे भेटतात ते पाहावे लागेल.

आपल्या नखाच्या बुडाशी पाहा. कातडीची एक बारीक दुमड नखावर आलेली असते आणि तिच्याखाली अगदी लहानशी खाच असते. दाताभोवतीही अशीच खाच असते. हिरडीची कड दाताला घट्ट चिकटलेली नसते. ती नुसती टेकलेली असते. निरोगी हिरडीत ही खाच साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दंतवैद्य बोथट टोकाच्या, खुणा केलेल्या बारीक सळईने ती मोजतात. या खाचेच्या आतले अस्तर फार पातळ असते आणि त्याच्या मागेच रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हिरड्यांच्या दुखण्याची सुरुवात याच खाचेच्या तोंडाशी होते.

आता घरातला माठ आठवा. चार-पाच दिवस घासला नाही तर आतून हात फिरवताना बुळबुळीत लागते. माठात पाणी ओतून नुसता खळबळला, तर तो बुळबुळीतपणा जातो का? जात नाही. काथ्याने घासावाच लागतो. हा बुळबुळीत थर म्हणजे एकमेकांना आणि माठाला चिकटून राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची वसाहत होय. ते आपल्याभोवती एक चिकट पदार्थ तयार करतात आणि त्यातच राहतात. दातावरही हेच घडते. घासून लख्ख केलेल्या दातावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा बसतो. काही तासांत त्यावर जिवाणू येऊन चिकटतात आणि वाढू लागतात. या थराला दंतवैद्यकात 'प्लाक' म्हणतात. तो पांढुरका असल्याने आरशात सहजासहजी दिसत नाही. नखाने खरवडला तर मात्र नखात येतो.

असे खरवडून पाहण्याचा उद्योग डच कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेवेनहूक याने तीनशे वर्षांपूर्वीच केला होता. स्वतः घासलेल्या भिंगांच्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसेल ते पाहत असे. १६८३ साली त्याने आपल्याच दातांवरचा पांढरा थर पाण्यात कालवून भिंगाखाली ठेवला आणि त्यात असंख्य जीव हालचाल करताना त्याला दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने हे पत्राने कळवले. तो रोज मिठाने दात घासणारा, स्वच्छतेची आवड असलेला माणूस होता, हे ध्यानात घ्या. त्याने आणखी एक गोष्ट करून पाहिली. तीच आपल्याला आज जास्त उपयोगाची आहे. हे जीव व्हिनेगारमध्ये मिसळले की मरतात, असे त्याला दिसले. म्हणून त्याने व्हिनेगार दातांना लावून पाहिले. पण थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव तेवढे मेले. आतले जिवंतच राहिले! (तुम्ही मात्र व्हिनेगार किंवा लिंबू दातांना लावू नका. आम्लाने दातांवरचे कवच विरघळते.) नुसत्या गुळण्यांनी थर का हटत नाही, याचे उत्तर या साध्या निरीक्षणात आहे.

पण या थरामुळेच हिरड्या सुजतात, हे कशावरून? हा प्रश्न बरीच वर्षे वादाचा होता. कोणी अन्नातल्या जीवनसत्त्वांकडे बोट दाखवी, कोणी वयाकडे. जीवनसत्त्व 'क' फार कमी पडले तर स्कर्व्ही होतो आणि हिरड्यांतून रक्त येते हे खरे. पण बेसिनमधल्या गुलाबी फेसाचे कारण क्वचितच ते असते. वाद मिटवणारा प्रयोग डेन्मार्कमधील ऑर्हुस शहरात झाला आणि १९६५ साली प्रसिद्ध झाला. तो हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. निरोगी हिरड्यांची १२ माणसे निवडली, त्यांतील बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. त्यांना सांगितले, "आजपासून दात घासायचे नाहीत." (वाचकांपैकी काहींना हा प्रयोग फारच आवडेल!) साधारण १० ते २१ दिवसांत एकूणएक जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. दातांवरच्या थरातील वस्तीही बदलत गेली. आधी बहुतांशी गोल जिवाणू होते, मग तंतूंसारखे आणि शेवटी मळसूत्री आकाराचे आले. त्यानंतर सर्वांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

हे वाचल्यावर तुमच्या ध्यानात आले असेल, की रक्त येते म्हणून ब्रश थांबवणारा मुलगा हाच प्रयोग स्वतःवर करीत असतो. फरक एवढाच, की त्याचा प्रयोग एकविसाव्या दिवशी संपत नाही. थर वाढतो, सूज वाढते, आतले पातळ अस्तर आणखी नाजूक होते, स्पर्शाने रक्त येते आणि तो ब्रशला आणखी भितो. सुजलेल्या जागी मऊ ब्रश हलक्या हाताने, पण चुकवता न फिरवला, तर पहिले काही दिवस थोडे रक्त येईल. मग ते कमी होत जाईल. ब्रश कसा धरावा, याविषयी अमेरिकन वैद्य डॉ. चार्ल्स बास यांनी १९५४ साली सांगितलेली रीत आजही शिकवतात. ब्रशचे केस दाताशी ४५ अंशांचा कोन करून हिरडीच्या कडेकडे वळवायचे, म्हणजे त्यांची टोके त्या खाचेच्या तोंडाशी पोचतात. मग जागच्या जागी अगदी बारीक हालचाल करायची. भिंतीला चुना फासल्यासारखे आडवे हात मारायचे नाहीत. बास साहेबांची ही रीत मला कोनमापक घेऊन शिकवावीशी वाटते.

आता एक प्रयोग करा. जुना सदरा घालून, आंघोळीपूर्वी करा, म्हणजे घरच्यांची बोलणी खावी लागणार नाहीत. चमचाभर पाण्यात खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब टाका. ते पाणी अर्धा मिनिट तोंडात खेळवून थुंका आणि एकदा साधी चूळ भरा. आरशात पाहा. दाताचा मधला भाग बहुधा स्वच्छ असेल, पण हिरडीच्या कडेने आणि दोन दातांच्या मध्ये लाल पट्टे दिसतील. तिथे थर आहे. (दंतवैद्यही याच कामासाठी एरिथ्रोसिन नावाचा लाल रंग वापरतात.) आता जोरजोराने दहा चुळा भरा. कोमट मिठाच्या पाण्याच्या भरा. पट्टे फिके होतील, पण जाणार नाहीत. मग ब्रश करा आणि पुन्हा पाहा. कुठे रंग उरला ते वहीत दातांचे चित्र काढून टिपून ठेवा. बहुतेकांच्या चित्रात तो मागच्या दाढांच्या फटींत उरतो, कारण तिथे ब्रशचे केस शिरतच नाहीत.

या फटींसाठीच पाण्याच्या धारेची कल्पना पुढे आली. १९६२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्स या गावी, जेराल्ड मॉयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंग्ली हे जलयांत्रिकीचे अभियंते यांनी मिळून तोंड धुण्याचे यंत्र तयार केले. पुढे ते 'वॉटर पिक' या नावाने विकले जाऊ लागले. आता अनेक कंपन्यांची अशी यंत्रे आपल्याकडेही मिळतात. रंगपंचमीची पिचकारी तुम्हाला ठाऊक आहे. दट्ट्या दाबला की रुंद नळीतले पाणी बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडते. या यंत्रात एक छोटी मोटर असाच दट्ट्या पुढे-मागे करते. मिनिटाला सुमारे १२०० वेळा, म्हणजे सेकंदाला २० वेळा. त्यामुळे धार सलग न येता ठोक्याठोक्याने येते. ठोका बसला की हिरडीची कड किंचित दबते आणि पाणी खाचेत शिरते. पुढच्या क्षणी दाब सुटतो, कड परत येते आणि पाणी आतला सुटा गाळ घेऊन बाहेर पडते. सेकंदाचा विसावा भाग एवढ्या वेळात हे सारे होते.

या धारेचा दाब बऱ्याच यंत्रांत चौरस इंचाला १० ते १०० पौंडांपर्यंत बदलता येतो. हे आकडे डोळ्यांपुढे आणायचे असतील तर पाण्याची टाकी कल्पा. १० पौंड म्हणजे सुमारे ७ मीटर उंचीवरच्या टाकीने खालच्या नळाला दिलेला दाब. १०० पौंड म्हणजे ७० मीटर उंचीची टाकी! एवढी उंच टाकी तुमच्या गावात असणार नाही. सुजलेल्या हिरडीवर पहिल्याच दिवशी हा दाब सोडणे म्हणजे मूर्खपणा आहे. सुरुवात नेहमी सर्वांत कमी दाबाने करावी.

या धारेने माठातला थर जाईल का? इथे गंमत आहे. २००८ साली नेदरलंडमधील अभ्यासकांनी तोवर झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. ब्रशच्या जोडीला धार वापरणाऱ्यांच्या दातांवरचा दिसणारा थर, नुसता ब्रश वापरणाऱ्यांच्या मानाने काही कमी झालेला नव्हता. पण हिरड्यांची सूज आणि रक्त येणे मात्र कमी होण्याकडे कल दिसला. थर तेवढाच आणि सूज कमी, हे कसे? याचा उलगडा असा केला जातो, की धारेने चिकट थर खरवडला जात नसला, तरी त्याच्या पृष्ठभागावरचे आणि खाचेतले सुटे जिवाणू आणि त्यांनी सोडलेले त्रासदायक पदार्थ रोज वाहून जातात. हिरडीला चिथावणी देणारा माल कमी झाला की तिची चिडचिडही कमी होते. म्हणूनच हे यंत्र ब्रशच्या जोडीला घ्यायचे, ब्रशऐवजी नव्हे. जाहिरातीत हे वाक्य फार बारीक अक्षरांत असते.

ज्यांच्या दातांना तारा बसवल्या आहेत किंवा ज्यांनी कृत्रिम दातांचा पूल बसवून घेतला आहे, त्यांना धारेचा विशेष उपयोग होतो, कारण तिथे दोरा किंवा ब्रश नीट फिरवता येत नाही. वापरण्याची पद्धत सोपी आहे. टाकीत कोमट पाणी भरावे, बेसिनवर ओणवे व्हावे, नळीचे टोक तोंडात घेऊन मगच यंत्र सुरू करावे, नाहीतर आरसा आणि भिंत यांनाच आंघोळ घडते. ओठ सैल मिटून पाणी गळू द्यावे. टोक दाताशी काटकोनात, हिरडीच्या कडेवर धरून मागच्या दाढेपासून पुढे यावे आणि प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबावे. जिभेखाली किंवा घशाकडे धार सोडू नये. हृदयाच्या झडपांचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. वापरून झाल्यावर टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी. नाहीतर माठातला थर तिच्यातच धरेल!

यंत्र महाग वाटत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. फटींत फिरवायचा मेण लावलेला दोरा किंवा काडीएवढा बारीक ब्रश यांनी तेच काम होते, आणि ही साधने थर प्रत्यक्ष पुसून काढतात. टाचणी, सेफ्टी पिन यांनी दात कोरण्याची सवय मात्र आजच सोडा. राखुंडीही नको. तिची खर दाताचे कवच झिजवते.

हे सारे घरचे उपाय कुठवर पोचतात, ही मर्यादाही नीट समजली पाहिजे. थर काही दिवस तसाच राहिला की लाळेतील कॅल्शियमचे क्षार त्यात बसून तो दगडासारखा कठीण होतो. दंतवैद्य त्याला टार्टर म्हणतात. तो ब्रशने निघत नाही आणि ७० मीटरच्या टाकीनेही निघत नाही. दंतवैद्याने हत्याराने काढावा लागतो. खाच ४ मिलिमीटरच्या पुढे गेली, की तिची पिशवी होते. यंत्राची साधी धार तिच्या तळापर्यंत पोचतेच असे नाही. तिथे दात धरून ठेवणारे हाड झिजू लागते. आपण ज्याला पायोरिया म्हणतो तो हा. सुजलेली हिरडी आठवड्यात बरी होते, पण गेलेले हाड घरच्या कोणत्याही उपायाने परत येत नाही.

प्रत्येकाचे दुखणे इथवर जाते का? लोए यांनीच याचेही उत्तर शोधले. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० तमिळ मजुरांच्या हिरड्यांची त्यांच्या गटाने १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे वेळोवेळी तपासणी केली. या मजुरांना ना ब्रश ठाऊक, ना दंतवैद्याची सोय. सगळ्यांच्या दातांवर थर होता, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही ११ टक्के मजुरांचे दुखणे सुजेपुढे गेले नाही, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने वाढले आणि ८ टक्क्यांचे झपाट्याने. आपण या ११ टक्क्यांत आहोत की ८ टक्क्यांत, हे आरशात पाहून कळत नाही.

आपल्याकडे आणखी एक फसवणूक होते. अनेक घरांत मशेरी लावण्याची सवय आहे. माझी आत्या मोठ्या अभिमानाने सांगत असे, की माझ्या हिरड्यांतून कधी थेंबभर रक्त आले नाही. ते खरेच होते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातील निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्त कमी दिसते आणि आत रोग वाढतच राहतो. पन्नाशीत आत्याचे पुढचे चार दात एकामागून एक हलू लागले, तेव्हा कुठे ती दंतवैद्याकडे गेली. तोंडाच्या कर्करोगाची भीती ती निराळीच. मधुमेह असलेल्यांचाही हिरड्यांचा विकार लवकर बळावतो. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना "रक्त येते का?" एवढेच विचारू नका. दात हलतो का, हिरडी दातावरून खाली उतरली आहे का, तोंडाला दुर्गंधी येते का, हेही विचारा.

तुमच्यापुरते सांगायचे तर वहीत तीन आठवड्यांचा तक्ता आखा. रोज रात्री नीट ब्रश करा, फटी साफ करा आणि कोणत्या जागी रक्त आले ते दातांच्या चित्रावर लाल पेन्सिलीने नोंदवा. दर रविवारी रंगाचा प्रयोग पुन्हा करा. पहिल्या आठवड्यातल्या खुणा तिसऱ्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी दिसेनाशा होतील. ज्या एखाद्या जागी खूण तशीच राहील, ती जागा चित्रासह दंतवैद्याला दाखवा.