तेलाच्या इंजिनाचा सिलिंडर पुन्हां घासावा कीं न घासावा?

पावसाळा लागला, विहिरींना पाणी आलें आणि पंपाला विसांवा मिळाला, म्हणजे तेलाचें इंजिन उघडून दुरुस्त करण्याचा हंगाम येतो. ह्या दिवसांत सभासदांकडून जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न हटकून असतो. इंजिनाला नव्या रिंगा घालावयाच्या आहेत. एक मिस्त्री म्हणतो, सिलिंडर होन करून घ्या. दुसरा म्हणतो, चांगल्या सिलिंडरला हात लावूं नका. कोणाचें ऐकावें? आमचें उत्तर असें कीं, सिलिंडर मोजल्यावांचून दोघांपैकीं कोणाचेंच ऐकूं नये. हें मोजमाप शेतकऱ्याच्या आटोक्याबाहेरचें मुळींच नाहीं.

प्रथम होनिंग म्हणजे काय तें पाहूं. नव्या सिलिंडरच्या आंतल्या भिंतीवर उजेड पाडून पाहिलें असतां तिरप्या, एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. ही जाळी घासणीच्या दगडांनीं मुद्दाम पाडलेली असते. तिच्यांत तेल टिकून राहतें व रिंगेला आधार मिळतो. शिवाय नवी रिंग ह्याच रेघांवर सुरुवातीस किंचित् घासली जाऊन भिंतीला बिनचूक बसते. ह्या भिंतीला काम किती पडतें ह्याची कल्पना पुष्कळांना नसते. इंग्लंडांतील डर्सलीच्या लिस्टर कंपनीचें सहा अश्वशक्तीचें इंजिन, ज्याच्या नकला राजकोटास वर्षानुवर्षें तयार झाल्या, तें मिनिटाला ६५० फेरे करतें आणि त्याच्या दट्ट्याची धांव १३९.७ मि.मी. असते. म्हणजे दट्ट्या तासाला जवळजवळ ११ किलोमीटर चालतो. आठ तासांच्या पाळींत ८७ किलोमीटर झाले! आणि मिनिटाला १३०० वेळां तो क्षणभर थांबून उलटा फिरतो. रिंग थांबते त्या क्षणीं तेलाचा पापुद्रा तुटावयास येतो, आणि वरच्या टोंकाला तर स्फोटाची उष्णता व दाब हींही असतात. म्हणून सर्वांत अधिक झीज वरच्या रिंगेच्या परतण्याच्या जागीं होते. तिच्यावरचा भाग कोराच राहतो व तेथें बोटाला लागेल अशी कड उभी राहते. शिवाय दांडा तिरपा असतांना दट्ट्या एका बाजूस रेटला जातो, त्यामुळें सिलिंडर वर्तुळाकार न राहतां थोडा लंबगोल होतो.

झीज निराळी आणि झिलई निराळी. हा भेद न कळल्यामुळेंच बहुतेक घोंटाळा होतो. मोठें इंजिन लहान पंपाला जोडून महिनोन् महिने हलक्या भारावर चालविलें, तर सिलिंडर पुरता तापत नाहीं, इंधन अर्धवट जळतें, आणि जळक्या तेलाचा काचेसारखा गुळगुळीत थर रेघांवर बसतो. अशा सिलिंडरचें माप कदाचित् नव्यासारखेंच निघेल. पण रिंगा तेल आवरीत नाहींत व धुराड्यांतून निळा धूर येतो. आमच्याकडे स्वस्त मिळालें म्हणून दुप्पट शक्तीचें इंजिन घेण्याची जी हौस आहे, तिचा हा एक न दिसणारा खर्च आहे.

निळा धूर दिसला कीं रिंगाच गेल्या, असें मात्र समजूं नये. व्हॉल्व्हच्या गाइडांतूनही तेल खालीं उतरतें. इंजिन उघडण्यापूर्वीं फ्लायव्हील हातानें फिरवून दाब पाहावा. दाब कमी वाटल्यास इंजेक्टर काढून त्या भोंकांतून लहान चमचाभर तेल सोडावें, इंजेक्टर परत बसवावा आणि पुन्हां हातानेंच फिरवावें. ह्या वेळीं इंजिन चालूं करूं नये. दाब वाढला तर दोष रिंगांत किंवा सिलिंडरांत आहे. न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हांत. क्रँकपेटीच्या श्वासनळींतून धूर भपकाऱ्यानें येत असेल, तर तोही रिंगांकडेच बोट दाखवितो.

आतां मोजणी. कारखान्यांत डायल गेजनें सिलिंडर वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं क्रँकच्या रेषेंत व तिला आडवा असा मोजतात. तो मार्ग उत्तम. तें साधन नसल्यास एक नवी रिंग व फीलर गेजच्या पत्त्या एवढ्यावर काम होतें. रिंग सिलिंडरांत घालून दट्ट्याच्या माथ्यानें सरळ ढकलावी, म्हणजे ती तिरपी बसत नाहीं. अगदीं खालीं, जेथें रिंगा पोंचत नाहींत, तेथें तिच्या दोन टोंकांमधली फट मोजावी. मग वर, कडेच्या लगेच खालीं, तीच फट मोजावी. दोन फटींतील फरकाला ३.१४ नें भागलें म्हणजे व्यासांतील झीज निघते. समजा, खालीं फट ०.४५ मि.मी. व वर ०.६५ मि.मी. आहे. फरक ०.२०, झीज सुमारें ०.०६ मि.मी. दुसऱ्या इंजिनांत वरची फट १.२० निघाली, तर फरक ०.७५ आणि झीज ०.२४ मि.मी. होते. लंबगोलपणा मात्र ह्या रीतीनें नीट कळत नाहीं. त्यासाठीं रिंग जागेवर असतांना खालून बॅटरीचा उजेड धरून वरून पाहावें. रिंग आणि भिंत ह्यांच्यामधून ज्या बाजूला प्रकाशाची रेघ येते, तेथें गोलाई बिघडली आहे.

झिजेची मर्यादा इंजिनाच्या पुस्तकांत दिलेली असते व तीच प्रमाण मानावी. पुस्तक हरवलें असेल, तर ढोबळ मानानें व्यासाच्या १०० मि.मी.मागें ०.१० मि.मी.पर्यंत झीज असल्यास नव्या रिंगांवर भागतें, ०.२० च्या पुढें भागत नाहीं. मधल्या इंजिनांविषयीं आमचें मत असें कीं, उभ्या उंसाला पाणी द्यावयाचें असेल तर रिंगांवर एक हंगाम काढण्यास हरकत नाहीं, पण तो हंगामच समजावा.

झीज मर्यादेंत आहे, जाळी स्पष्ट दिसते, आणि इंजिन केवळ बेअरिंगसाठीं किंवा हेडच्या गॅस्केटसाठीं उघडलें आहे, अशा वेळीं सिलिंडरला हात लावूं नये. जुन्या रिंगा त्या भिंतीला बसलेल्या असतात. त्या ज्या क्रमानें निघाल्या त्याच क्रमानें परत घालाव्या. रिंगा नव्या घालावयाच्या आहेत आणि भिंत चकचकीत झाली आहे, तर हलकें होनिंग अवश्य करावें. त्याचा हेतु झिलई मोडून जाळी पाडणें एवढाच. धातु जवळजवळ जाऊंच नये. दगड सारख्या चालीनें वरखालीं फिरवावा, म्हणजे रेघा सुमारें ४५ अंशांच्या कोनांत एकमेकींस छेदतात. दगड एकाच जागीं फिरत राहिल्यास आडव्या रेघा पडतात व त्या तेल खातात. ज्या सिलिंडरला क्रोमचा मुलामा आहे, त्याला हा दगड लावूं नये, आणि त्यांत क्रोमच्या रिंगाही घालूं नयेत.

झीज मर्यादेबाहेर असेल, तर होनिंग हा उपाय नव्हे. स्प्रिंगची घासणी भिंतीच्या आकाराप्रमाणें सरकते; लंबगोल सिलिंडर ती लंबगोलच घासते, आणि मोठा झालेला व्यास आणखी मोठा करते. तेथें लायनर बदलावा, किंवा बोअर करून मोठ्या मापाचा दट्ट्या घालावा. बोअरनंतर शेवटचा हात होनिंगचाच असला पाहिजे, हें कारखानदाराला आधीं सांगावें. गंजाचेंही असेंच. वरवरचा तांबूस रंग पुसून जातो. नखाला खड्डा लागला तर तो घासून जात नाहीं. वरची कड मात्र कोणत्याही प्रसंगीं राहूं देऊं नये. नवी रिंग तिच्यावर आपटून तुटते.

होनिंगपेक्षां होनिंगनंतरची धुलाई अधिक महत्त्वाची आहे. आमच्या पाहण्यांतील एका बागायतदाराचा सिलिंडर मापांत चांगला होता. एका कारखान्यांत तो घासला, रॉकेलनें पुसला आणि जोडून दिला. दोन महिन्यांत इंजिन पूर्वींपेक्षां अधिक धूर सोडूं लागलें, आणि लायनर व रिंगा दोन्ही टाकाव्या लागल्या. दगडाची कणी रॉकेलनें निघत नाहीं. ती रेघांत रुतून बसते व रिंगेला कानशीसारखी घासते. ऊन पाणी, साबण व ताठ ब्रश ह्यांनीं भिंत खरडून धुवावी. मग तेलांत भिजविलेलें पांढरें फडकें फिरवावें. त्यावर करडा डाग उठतो तोंपर्यंत पुन्हां धुवावें. डाग उठेनासा झाला कीं लगेच तेल लावावें, नाहींतर ताज्या भिंतीवर तासाभरांतच गंज चढतो.

जोडल्यावर इंजिन रिकामें चालवीत ठेवण्याची चाल आहे, ती चुकीची आहे. रिंगा दाबानें भिंतीला बसतात, आणि दाब भारानें येतो. थोडें तापूं देऊन अर्धा भार द्यावा व कांहीं तासांत तो पाऊण भारापर्यंत न्यावा. रिकामें फिरविल्यास नव्या जाळीवर तीच झिलई पुन्हां चढते. पहिलें तेल लवकर, ५० तासांच्या आंत, बदलावें. आणि झीज धुळीनें झाली असेल, तर इंजिन जोडण्यापूर्वीं हवेच्या गाळणींतलें तेल बदलून तिच्या नळीचे सांधे तपासावे. मळणीच्या दिवसांत ही गाळणी आठवड्याला उघडावी लागते.