आजचं चिंतन : आईची एकादशी आणि माझी झोप



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

दोनच श्लोक आहेत. भगवंत अर्जुनाला सांगतात की जो वाजवीपेक्षा जास्त खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही नाही. झोपेचंही तसंच, फार झोपणारा आणि सतत जागणारा, दोघंही चुकतात. खाणं, फिरणं, काम, झोप सगळं बेताचं असेल तर योग दुःख दूर करतो. कॉलेजात असताना मी हे श्लोक पाठ केले होते. तेव्हा वाटायचं, हे गुहेत बसलेल्या योग्यांसाठी असेल. आपला काय संबंध?

संबंध गेल्या वर्षी आषाढी एकादशीला कळला.

आम्ही कुरुळीला राहतो. मी चाकण एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. आईला बरीच वर्षं मधुमेह आहे, आणि गोळ्यांवर भागेना म्हणून सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन सुरू झालंय. त्या आठवड्यात माझी थर्ड शिफ्ट होती. सकाळी कंपनीच्या बसमधून फाट्यावर उतरलो, घरी आलो, हात धुतले, आईला इंजेक्शन दिलं, "नाश्ता करून घे" म्हणालो आणि आडवा झालो. एकादशी आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आईच्या डोक्यात मात्र पक्कं होतं. तिच्या हिशेबात इंजेक्शन वेगळं, उपास वेगळा. बिनसाखरेचा चहा घेऊन ती देवघरात बसली.

तांब्या पडल्याचा आवाज आला म्हणून मी उठलो, नाहीतर उठलोच नसतो. आई भिंतीला टेकून बसली होती. अंग घामानं ओलं, हात थरथरत होते, आणि ती मला मामाच्या नावानं हाक मारत होती. मामा जाऊन दहा वर्षं झाली. मशीन लावलं तर ४८.

ज्यांच्या घरी इन्सुलिनवरचं माणूस आहे त्यांनी हे पाठच करा. ७० च्या खाली साखर म्हणजे धोका. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. वर आली की काहीतरी खायला द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आई शुद्धीवर होती ही पांडुरंगाची कृपा. पंधरा मिनिटांनी ७६ आली. मग पहिलं वाक्य काय? "अरे, माझा उपास मोडला."

मी ओरडलो. खूप ओरडलो, आषाढीच्या दिवशी, देवघरात.

संध्याकाळी राग उतरल्यावर गीता घेऊन तिच्याजवळ बसलो. खरं सांगायचं तर पुरावा दाखवायलाच बसलो होतो. हे दोन श्लोक वाचून दाखवले. सतराव्या अध्यायातलंही काढलं, जिथे भगवंत म्हणतात की शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून शरीराला पीडा देणारे आत बसलेल्या मलाच पीडा देतात. आईनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आणि झोपेचं काय लिहिलंय रे त्यात? तू किती दिवस झोपला नाहीस?"

श्लोकाचा अर्धा भाग मी तिच्यासाठी वाचत होतो. उरलेला अर्धा माझा होता.

रात्री कंपनी, सकाळी इंजेक्शन, मग दळण, लाईट बिल, तिच्या दवाखान्याच्या चकरा. दिवसाला जेमतेम तीन-चार तास झोप, आणि वर अभिमान की मी एकटा सगळं सांभाळतो. ताई भोसरीला राहते, तिला कधी विचारलंच नाही. एकादशी मी विसरलो ते त्या अर्धवट झोपेत. जेवणाचा उपास आणि निजेचा उपास, दोन्हींत ४८ यायचीच होती.

बेत प्रत्येक शरीराचा वेगळा असतो, हेही हळूहळू कळलं. आई बारीक आहे. लोक म्हणतात, एवढ्या बारीक बाईला शुगर कशी? आपल्याच पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. दिसायला लहान, हडकुळी बाळं, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, असं त्यात दिसलं. मधुमेह जाडीवरून ओळखता येत नाही. आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं, उतारवयात साखर जरा वर राहिली तर एक वेळ चालेल, एकदम खाली गेलेली नको. पडलं की हाड मोडतं.

मग तडजोड झाली. एकादशी सोडायला ती तयार नाही, आणि मी आता सोडायलाही सांगत नाही. डॉक्टरांना विचारून उपासाच्या दिवसाचा इन्सुलिनचा डोस वेगळा ठरवून घेतला (स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका). साबुदाणा बंद, तो नुसता पिष्टच. त्याऐवजी राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे, तेही वेळेवर. पहिल्या एकादशीला तिनं ताटाकडे बघून विचारलं, "याला उपास म्हणायचं?" मी म्हटलं, "उपवास म्हणजे जवळ राहणं. बस ना जवळ." ती हसली, पण पटलं असं काही नाही.

वद्य एकादशीची आळंदी मात्र चुकत नाही. तिथे अनवाणी दर्शनाला जायचं म्हणजे आमचं भांडण ठरलेलं. तिच्या तळव्यांना नीट जाणीव राहिलेली नाही. एकदा घरी आल्यावर चपलेत खडा निघाला, दिवसभर तिला टोचलाच नव्हता. आता ती मोजे घालून रांगेत उभी राहते. रात्री मी टॉर्च लावून तळवे बघतो, बोटांच्या बेचक्यासुद्धा. सुरुवातीला पाय मागे घ्यायची. "आईचे पाय धरायचे असतात, तपासायचे नसतात." पुंडलिक आईबापाचे पाय चेपत बसला आणि देवाला विटेवर थांबवलं, ही गोष्ट तिनंच मला लहानपणी सांगितलेली. त्याची आठवण करून दिली तेव्हा तिनं पाय पुढे केला.

शनिवार-रविवार आता ताई येते. मी झोपतो. सकाळी मशीनवर आकडा आला की आई ताईला विचारते, "किती मार्क पडले गं?"

काल १३२ होते. उद्या एकादशी आहे, राजगिऱ्याचं पीठ आणायला निघालोय.

राम कृष्ण हरी.