मोटारीच्या काचेवरील धुके : सामान्य विज्ञानाचा एक पाठ

साहित्य : पितळेचा चकचकीत तांब्या, बर्फ, पाणी, शाई, पांढरा टीपकागद, आरसा, साबण.

प्रस्तावना : पावसाळ्यात घाट चढणाऱ्या एस. टी. गाडीच्या काचेवर मुलांनी बोटाने चित्रे काढलेली असतात. त्या अनुभवापासून पाठास आरंभ करावा. “काचेवर आतून पाणी आले कोठून?” असे विचारताच पुष्कळ मुले “पाऊस झिरपला” असे सांगतील. हे उत्तर शिक्षकाने लगेच खोडून काढू नये. ते फळ्यावर लिहावे व प्रयोगाने त्याची परीक्षा करावी.

प्रयोग पहिला : कोरड्या तांब्यात पाणी, बर्फ व थोडी शाई घालावी. माठातील पाणी या कामास पुरेसे गार नसते. दिवस दमट असावा. थोड्या वेळाने तांब्याच्या बाहेरील अंगावर थेंब जमतात. ते मुलांकडून कागदाने टिपून घ्यावेत. कागदावर शाईचा डाग पडत नाही. मग हे पाणी आतले नव्हे, हवेतले आहे, असा निष्कर्ष मुलेच काढतील.

विवेचन : ३० अंश सेल्सिअस तापमानास एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, २० अंशांस सुमारे १७ ग्रॅमच मावते. हवा थंड काचेस लागून निवते व जास्तीची वाफ पाणी होऊन काचेवर बसते. ज्या तापमानास ही क्रिया सुरू होते, त्यास दवबिंदू म्हणतात. गाडीत उच्छ्वासाने व ओल्या कपड्यांनी वाफ वाढते. बाहेरील पावसाने काच थंड होते.

प्रयोग दुसरा : आरशाच्या अर्ध्या भागावर साबण चोळून कोरड्या फडक्याने पुसावा व आरशावर फुंकर न घालता तोंडाने उबदार श्वास सोडावा. साबणाच्या भागावर थेंब न बनता पाणी सपाट पसरते, म्हणून तेथे प्रतिमा स्पष्ट दिसते.

उपयोजन : “चालकास समोरचा रस्ता दिसेनासा झाला तर काय करावे?” या प्रश्नावर मुलांकडून उपाय काढून घ्यावेत. ते असे :

१. ओल्या छत्र्या व रेनकोट झटकून आत आणावेत; खिडकी थोडी उघडी ठेवावी.
२. आतलीच हवा फिरविणारी योजना बंद करून बाहेरची हवा घ्यावी.
३. काचेवर गरम हवा सोडावी. वातानुकूलन यंत्र जोडीस चालवावे. त्याच्या थंड नळ्यांवर वाफेचे पाणी होते व हवा कोरडी बनते.
४. काच आतून स्वच्छ ठेवावी. मळलेल्या काचेवर धुके लवकर धरते. चालत्या गाडीत चालकाने ती हाताने पुसू नये.

दमट हवेत वातानुकूलनाने काच फार गार झाल्यास धुके बाहेरील बाजूस धरते. अशा वेळी वायपर चालवावा व गारवा कमी करावा.

संकलन : शेवटी फळ्यावरील पहिले उत्तर ज्याने दिले, त्याच मुलाकडून ते दुरुस्त करून घ्यावे. आपली चूक आपणच पडताळून सुधारण्याची सवय मुलास लागली, म्हणजे पाठ सफल झाला.

गृहपाठ : पहाटे गवतावर दव का पडते, ते पाच वाक्यांत लिहा.