मोठ्या माणसांत आतड्यात आतडे शिरणे : निदान व उपचार

अहवालाच्या या भागात एका विकाराची माहिती देण्याचा आमचा परिपाठ आहे. या वेळचा विकार विरळा आहे. तरीही तो निवडला, कारण तो मधूनमधून आपोआप थांबतो आणि त्यामुळे रुग्णाला, क्वचित डॉक्टरांनाही, चकवतो.

सदरा काढताना बाहीचे टोक आतल्या आत दुमडत जावे, तसा आतड्याचा एक भाग लगतच्या भागात शिरतो. वैद्यकात यास इंटससेप्शन म्हणतात. हा मुख्यतः तान्ह्या बालकांचा आजार. एकूण रुग्णांपैकी सुमारे 5 टक्केच प्रौढ असतात. बालकांत बहुधा निश्चित कारण सापडत नाही आणि गुदमार्गे हवा किंवा द्रव सोडून पुष्कळदा आतडे सरळ करता येते. प्रौढांची गोष्ट निराळी. शंभरांपैकी 80 ते 90 जणांत मुळाशी काहीतरी असते : चरबीची गाठ, पॉलिप, मेकेलची जन्मजात पिशवी, जुन्या शस्त्रक्रियेनंतरची चिकटण, अथवा कर्करोग. आतडे अन्न पुढे ढकलते तशीच ही गाठही ढकलू पाहते. गाठ भिंतीला जखडलेली असल्याने भिंतच ओढली जाते. तिच्यासोबत रक्तवाहिन्या वाहून आणणारा पडदाही आत ओढला जातो. प्रथम नीला दाबल्या जाऊन सूज येते. पुढे रोहिणींतील प्रवाहही थांबला की तो भाग मृत होऊ लागतो.

रुग्णाचा अनुभव मात्र साधा वाटतो. कळ येते, उलटी होते, आणि दोन दिवसांत सारे शांत होते. घरात ‘वायूचा गोळा’ म्हणून ओवा दिला जातो. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी चालू असेल, तर बरे वाटत असताना संग्रामपूर-जळगाव जामोदकडून तपासणीसाठी शहर गाठणे कोणालाही अनावश्यकच वाटेल. यात दोष रुग्णाचा नाही. कळ नसताना पोट तपासले तर हाताला काही लागेलच असे नाही. बालकांत दिसणारी पोटातील लांबट गाठ व रक्तमिश्रित शौच ही लक्षणे प्रौढांत एकत्र क्वचितच आढळतात. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाचीही शंका येते, कारण तोही असाच थांबून थांबून अडथळा आणतो. परंतु केवळ शंकेवर क्षयाच्या गोळ्या सुरू करून स्कॅन लांबणीवर टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही.

सोनोग्राफीत एकात एक वर्तुळे दिसू शकतात. पण फुगलेल्या आतड्यातील वायू चित्र झाकतो. प्रौढांत खात्रीची तपासणी म्हणजे सीटी स्कॅन. पुष्कळदा त्यातून कोणता भाग शिरला, मुळाशी गाठ आहे काय व रक्तपुरवठा कसा आहे, हे कळते. स्कॅनचा वापर वाढल्यापासून आखूड लांबीचा, गाठ व अडथळा नसलेला, क्षणिक प्रकारही अकल्पितपणे दिसू लागला आहे. त्यास बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, निरीक्षण पुरते.

सुश्रुतसंहितेत ‘बद्धगुदोदर’ विकारात पोट उघडून आतड्यातील अवरोध दूर करण्याचे वर्णन आहे. ते याच विकाराचे होते असे म्हणता येणार नाही. पण पोट उघडण्याचा विचार किती जुना आहे, ते त्यावरून समजते.

नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘लहान मुलांचे सरळ करता, मग मोठ्यांचे आतडे कापता कशाला?’ नुसते सरळ केल्यास कारण आत तसेच राहते. मोठ्या आतड्यात तर निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत मूळ कर्करोगाचे निघते. तेथे ओढाताण केल्यास सुजलेली भिंत फाटण्याचा व रोगपेशी पसरण्याचा धोका असतो. म्हणून तो भाग न उलगडता, लगतच्या ग्रंथींसह काढला जातो. लहान आतड्यात कारण बहुधा निरुपद्रवी असते. आतडे जिवंत दिसत असेल, तर निवडक रुग्णांत शल्यचिकित्सक ते हलके दाबत मागे सारतात व थोडाच भाग काढतात. मग दोन्ही टोके जोडली जातात. ते सुरक्षित नसेल तेव्हा काही काळ पोटावर शौचाचा मार्ग काढावा लागतो.

पोट फुगणे, हिरवी उलटी, शौच व वारा दोन्ही बंद होणे, शौचातून रक्त जाणे, यांपैकी काही कळेसोबत असेल तर त्याच दिवशी यावे. येताना पाणीही पाजू नये. जुने स्कॅन व शस्त्रक्रियेचे कागद मात्र जरूर आणावेत.

काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो आणि त्याचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात. तोवर ‘गाठ साधी होती ना?’ या प्रश्नास आम्ही होकार देत नाही, नकारही देत नाही.