बांधावरची रुई आणि फुलपाखरांची वाट



कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथून विशाळगड, गगनबावड्याकडून राधानगरीकडे जाणाऱ्या रानपट्ट्याला जाणकार भ्रमणमार्ग म्हणतात. हा पट्टा सलग रान नव्हे. मध्ये सडे आहेत, ओढे आहेत, गावे आहेत अन् शेतीही आहे. वाघाइतकाच तो फुलपाखरांचाही मार्ग आहे. पश्चिम घाटात त्यांच्या सव्वातीनशेवर जाती आहेत.

जागा बदलली की जाती का बदलतात? कारण अळीचे खाणे. फुलपाखरू मध कुठल्याही फुलावर पिईल, पण अंडी घालील ती ठराविक झाडावरच. आंबोलीच्या दाट रानात हिरव्या-निळ्या पट्ट्याचे एक मोठे फुलपाखरू आढळते. त्याची अळी तिरफळावर वाढते. तिरफळ तोडले की ते गेले! ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर थवे बसतात. ते बहुतेक नर. मातीतले क्षार शोषून घेतात. सड्यावर पावसाळा सरता सरता फुलोरा असतो, तेवढे दिवस वर्दळ.

आता आपल्या बांधाकडे या. २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळी (नीलवंत) लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते. म्हणजे दाट रानातली पाहुणी परसातही येऊ शकते. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते ना? तिच्या अंगात रुईच्या चिकाचे विष उतरते, म्हणून त्या तांबूस फुलपाखराला पक्षी सहसा शिवत नाहीत. गंमत पुढेच आहे. घोळीच्या भाजीवर वाढणाऱ्या दुसऱ्या एका जातीची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि फुकटात वाचते! रुई उपटली तर हे सोंगही उघडे पडेल.

काहीजण म्हणतात, अळी म्हणजे कीडच. तसे नाही. उसाचा खोडकिडा हा पतंगाचा, फुलपाखराचा नव्हे. रुईवरची अळी उसाला तोंड लावीत नाही. तेव्हा उसात तणनाशक मारायचे झाले तरी पंप बांधावर फिरवू नका. रुई, घाणेरी वेगवेगळी ओळखा: घाणेरी काढा, रुई ठेवा. पाचट पेटवू नका, सरीतच कुजवा. बांधापर्यंत जाळ गेला की अंडी, कोष सगळेच जळते. नव्या लिंबाच्या रोपावर अळ्या फारच झाल्या तर हाताने वेचून जुन्या झाडावर सोडा, थोरल्या झाडाला त्यांचे ओझे होत नाही.